आदल्या दिवशीचा पाठ

राज्यातल्या मुलांना एखादी गोष्ट किती वेळात समजायला हवी, हे ज्या पाठांवरून ठरलं, त्यातला सर्वांत गाजलेला पाठ बोरखडीच्या जिल्हा परिषद शाळेत दोनदा झाला होता. पहिल्यांदा गुरुवारी, कॅमेरे नसताना. दुसऱ्यांदा शुक्रवारी, कॅमेरे असताना. मोजला गेला तो शुक्रवारचा.

यात काही लबाडी आहे असं त्या शाळेत कुणालाही वाटलं नाही. आदर्श पाठ म्हणजे बाहेरची माणसं बघायला येतात तो पाठ, आणि तो आदल्या दिवशी वर्गात एकदा घ्यायचा, हा शिक्षकांमधला जुना रिवाज. पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं, तितका साधा. कुठल्या प्रश्नाला कुणी हात वर करायचा, फळ्यापाशी कुणी यायचं, साहित्य कुठल्या टेबलावर ठेवायचं, हे सगळं आदल्या दिवशी बसवून घेतलं जाई. मग तपासणीचे साहेब येत, मुलं फटाफट उत्तरं देत, साहेब शेरा लिहीत आणि चहा होई. साहेबांनाही सारं ठाऊक असे. तेही एके काळी शिक्षकच होते.

शैलजा वानखडे चौथीला शिकवत. अपूर्णांकांचा त्यांचा पाठ तालुक्यात नावाजलेला होता. घरून ज्वारीच्या दोन सारख्या भाकरी आणायच्या. एकीचे तीन भाग करायचे, दुसरीचे चार. मग विचारायचं, "पोटात कावळे ओरडतायत. यातला तुकडा घ्याल की त्यातला?" तीनपेक्षा चार मोठे म्हणून एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, ही समजूत तिथेच मोडायची. नंतर भाकरी वर्गात वाटली जायची, त्यामुळे पाठ कुणाच्या लक्षात राहिला नाही असं होत नसे.

मुलांना समजायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या सरकारी आकलन प्रकल्पाची माणसं पुण्याहून आली तेव्हा त्यांच्यात केतकी होती. केतकी ही शैलजाबाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी. आईची नोकरी फिरतीची, म्हणून ती तिसरी-चौथीला मावशीकडे राहून याच शाळेत शिकली होती. पुढे मेंदूच्या मोजमापाचा अभ्यास करून ती प्रकल्पात लागली. निवडक शिक्षकांमध्ये मावशीचं नाव तिनंच सुचवलं होतं.

पाठाआधी चहा घेताना शैलजाबाई म्हणाल्या, "केतू, काल एकदा घेतलाय हं मी हा पाठ."

"तू न घेता कधी राहिलीस, मावशी? मलाच उभी करायचीस ना? 'तृतीयांश मोठा, कारण भाग कमी.' अजून झोपेत म्हणून दाखवीन." केतकी हसली. "उलट बरंय. पोरं बुजणार नाहीत, सिग्नल स्वच्छ येईल."

दोघी हसल्या आणि तो विषय तिथेच संपला. पुण्याला परतल्यावर केतकीनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नाही. तिच्या गटातले बाकीचे लोक ज्या शाळांत शिकले होते, तिथे साहेब तपासणीला येत नसत. त्यांनी विचारलंही नाही.

*

प्रकल्पानं मुलांच्या कपाळावर लावलेल्या पट्टीचं विज्ञान अवघड नाही. ती मऊ असते. तिच्यातले बारीक दिवे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतात. तो कातडी आणि कवटी पार करून थोडा आत शिरतो आणि काही अंशी परत फिरतो. प्राणवायू घेऊन आलेलं रक्त आणि प्राणवायू देऊन टाकलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यामुळे परत आलेल्या प्रकाशावरून आत काय चाललंय याचा अंदाज येतो. माणूस डोक्याला ताण देतो तेव्हा कपाळामागच्या भागाकडे ताजं रक्त धावतं. गोष्ट उमगली की ताण सैलावतो. पट्टी हा चढ आणि हा उतार टिपते. चढ लागल्यापासून उतार लागेपर्यंतचा वेळ, तो आकलनकाळ.

इथवर काहीच चूक नव्हती. चूक पुढच्या प्रश्नात झाली. चांगला आकलनकाळ किती?

त्यासाठी नामांकित शिक्षकांचे आदर्श पाठ मोजले गेले. आलेख पाहून प्रकल्पातली माणसं थक्क झाली. चढ जवळजवळ नव्हताच. शिक्षक प्रश्न विचारत, रेषा जराशी हलत आणि लगेच खाली येई. एका जिल्ह्यात नव्हे, सगळीकडे. अहवालात लिहिलं गेलं की उत्तम अध्यापनात मुलाला ताण पडत नाही. त्या सपाट रेषेला संदर्भरेषा असं नाव मिळालं. प्रत्यक्षात ती काल शिकलेलं आज आठवणाऱ्या मुलांची रेषा होती.

दोन वर्षांत पट्ट्या वर्गावर्गात पोचल्या. मुलाची रेषा संदर्भरेषेजवळ राहिली तर पट्टीवरचा ठिपका हिरवा, फार वर गेली तर लाल. शिकवण्याचं साहित्यही त्याच मापानं निवडलं जाऊ लागलं. फळ्याशेजारचा पडदा शिक्षकाला पुढचं चित्र, पुढचं उदाहरण सुचवी, आणि ज्या साहित्यानं रेषा वर चढे ते आपोआप मागे पडे. मणीमाळा मागे पडल्या, चिंचोके मागे पडले, दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे कपाटात गेले. हाताळायच्या वस्तूंनी मुलं विचारात पडतात, हे शिक्षकांना पूर्वीपासून माहीत होतं. पट्टीनं ते सिद्ध केलं आणि दोष म्हणून नोंदवलं. शैलजाबाईंची भाकर मात्र टिकली. ती आता पडद्यावर होती, गोल, तपकिरी, नेहमी एकाच मापाची.

वर्षभरात तीन घटकांत ठिपका लाल झाला की मूल सुलभ गटात जाई. हा गट मागच्या खोलीत बसे. तिथे चित्रावर बोट ठेवायचं काम असे आणि ठिपके कायम हिरवे असत. गणिताच्या नियमित वर्गात परत येण्याची तरतूद नियमांत होती. परत आलेलं मूल शैलजाबाईंनी पाहिलं नव्हतं.

*

गुंजन इंगळे तिसऱ्या रांगेत बसायची. सप्टेंबरात अपूर्णांकांचा घटक आला. पडद्यावर दोन भाकरी आल्या, एकीचे तीन भाग झाले, दुसरीचे चार.

"कोणता तुकडा मोठा?"

"तीनातला!" वर्ग ओरडला.

गुंजननं हात वर केला. "मॅडम, पन तिकडची भाकर मोठी असली तं?"

"म्हणजे?"

"आमच्या घरी माय बाबासाठी मोठी थापते अन् मले लहान. बाबाच्या भाकरीचा चौथा तुकडा माह्या तिसऱ्याहून मोठा निघन. मंग तृतीयांश मोठा काऊन म्हनता?"

शैलजाबाई खडू हातात धरून थांबल्या. इतकी वर्षं त्या दोन सारख्या भाकरी नेत होत्या आणि सारख्या का नेतो हे कधी एकाही मुलानं विचारलं नव्हतं. अपूर्णांक नेहमी कशाचा तरी असतो, ही त्या घटकातली सगळ्यात खोल गोष्ट. ती पुस्तकात पुढच्या इयत्तेत येते.

"कुणाला सांगता येईल?" त्यांनी वर्गाला विचारलं. वर्ग पडद्याकडे बघू लागला. गुंजन स्वतःच विचार करत होती, ओठ हलत होते, कपाळावर आठी होती. आठीच्या वर ठिपका लाल झाला. पडद्यानं सूचना दिली : विद्यार्थिनीला ताण, उदाहरण सोपे करा. आणि तीच भाकर पुन्हा दाखवली.

मधल्या सुट्टीत मुश्ताक सर, पाचवीचे वर्गशिक्षक, पडद्याकडे बघून म्हणाले, "कमाल आहे मॅडम. तुमच्याच भाकरीनं पोरगी उपाशी मारली."

चार दिवसांनी गुंजनची आई वंदना कापसाच्या जिनिंग मिलमधून परस्पर शाळेत आली. केसांत अजून कापसाचे तंतू होते. मोबाइल पुढे करून म्हणाली, "हे आलं जी. 'आपल्या पाल्यास आकलनात विलंब.' माही पोट्टी मंद हाय का, मॅडम?"

"नाही. वर्गात तिच्याइतकं कुणी विचार करत नाही."

"मंग हे लाल काऊन?"

"विचार करते म्हणूनच."

वंदनानं त्यांच्याकडे पाहिलं. आपली समजूत काढताहेत असंच तिला वाटलं असावं. "तुम्ही चांगल्या हा जी," ती म्हणाली, "पन तिले सांगा, जास्त विचार नको करू म्हना. मागच्या खोलीत गेली तं मले मिलमधल्या बाया काय म्हनतीन?"

*

दिवाळीत केतकी आली. फराळाची ताटं मधे होती. शैलजाबाईंनी सरळ विषय काढला.

"ती रेषा चुकीची आहे, केतू. आदल्या दिवशी घेतलेल्या पाठांची आहे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," केतकी म्हणाली. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. "मागच्या वर्षी लक्षात आलं. एका शाळेचं चित्रीकरण अचानक करावं लागलं, सरावाशिवाय. तिथे चढ डोंगरासारखे होते. आम्ही तो वर्ग वगळला. सदोष म्हणून."

"तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? राज्यातल्या सगळ्या पट्ट्या त्या रेषेवर चालतात. मी म्हणू की ज्या पाठामुळे मला नोकरीत मान मिळाला, तो माझ्या मावशीनं बसवलेला होता?"

"म्हण. मी म्हणेन तुझ्याबरोबर."

"मावशी, आता ती तुझी रेषाही राहिली नाही. प्रत्येक सत्राला ती स्वतःला सुधारून घेते. सगळ्यात चांगल्या वर्गांच्या रेषा त्यात मिसळतात. तू उठून सांगितलंस तर एक पाठ बाद होईल, आणि एक शिक्षिका."

"आणि मुलं? गुंजनसारखी?"

केतकीनं करंजीचा तुकडा मोडला. खाल्ला नाही. "एखाद्या मुलीचाच प्रश्न असेल तर," ती हळू म्हणाली, "तिला आदल्या दिवशी शिकव ना. तू मला शिकवायचीस तसं."

शैलजाबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी केतकी ठरल्यापेक्षा आधीच्या गाडीनं गेली.

*

महिन्यातून एकदा केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, शिक्षक एकत्र बसतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. नोव्हेंबरची परिषद बोरखडीलाच होती. केंद्रप्रमुख तायडे सरांनी प्रास्ताविक केलं, पडद्यावर आलेख दाखवले, आणि विचारलं, "कुणाला काही मांडायचं आहे?"

शैलजाबाई उठल्या. त्यांनी सगळं सांगितलं. आदर्श पाठ आदल्या दिवशी कसा बसवला जातो, त्यामुळे मुलांची रेषा सपाट का येते, पट्टी ज्याला समज म्हणते ती आठवण कशी आहे. "आदल्या दिवशी शिकवलेलं मूल दुसऱ्या दिवशी हिरवं दिसतं," त्या म्हणाल्या. "कुठलंही मूल. एवढंच त्या रेषेत आहे. आपण सगळे हे जाणतो. आपण सगळ्यांनी मिळून हे वर कळवलं पाहिजे."

समोरच्या माना खाली झुकल्या. शैलजाबाईंना ती लाज वाटली.

मागच्या बाकावरून एका तरुण शिक्षकानं विचारलं, "मॅडम, आदल्या दिवशी पूर्ण पाठ घ्यायचा, की नुसते प्रश्न घेतले तरी चालतं?"

"पट्टी न लावता घ्यायचा ना?" दुसऱ्या एकीनं विचारलं. "परिपाठाच्या आधी बोलावलं तर पोरं येतील?"

"अहो, मी काय सांगतेय..." शैलजाबाई म्हणाल्या. पण पेनं निघाली होती. प्रत्येकाच्या वर्गात लाल ठिपके होते, प्रत्येकाच्या दारात कुणीतरी वंदना मोबाइल घेऊन आली होती, आणि उपाय आज पहिल्यांदाच कुणीतरी उघडपणे सांगत होतं.

तायडे सर चहाच्या वेळी जवळ आले. त्यांचा चेहरा खुलला होता. "वानखडे मॅडम, हा तर नवोपक्रम आहे. नाव काय देऊ या? 'पूर्वपाठ'? जिल्ह्याच्या नवोपक्रम स्पर्धेला आपल्या केंद्राकडून पाठवतो. तुमच्या नावानं."

"सर, मी तक्रार करत होते."

"ते कळलं हो मला." त्यांनी आवाज उतरवला. "मीही शिक्षक होतो. माझे पाठ काय मी न बसवता घेतले? तक्रार केलीत तर खोटा पाठ एकट्या तुमचाच ठरेल. उपक्रम म्हणून पाठवला तर पोरं वाचतील. तुम्हाला काय पाहिजे?"

शैलजाबाईंना दोन्ही पाहिजे होतं. तायडे सरांनी उपक्रम पाठवून दिला. पूर्वपाठाला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र टपालानं आलं.

*

डिसेंबरपर्यंत केंद्रातल्या सगळ्या शाळा सकाळी लवकर उघडू लागल्या. परिपाठाआधी शिक्षक व्हरांड्यात, पट्ट्यांशिवाय, उद्याचा घटक शिकवत. तिथे जुने मणी आणि चिंचोके पुन्हा बाहेर निघाले. मग शाळा भरे, पट्ट्या चढत, आणि काल शिकलेला पाठ आज शिकत असल्यासारखा शिकला जाई. मुलांना यात काही वावगं वाटलं नाही. कुठे आश्चर्य दाखवायचं तेसुद्धा ती पटकन शिकली.

शैलजाबाईंनी पूर्वपाठ घेतला नाही. केंद्रात एकट्या त्यांच्या वर्गाची रेषा डोंगरासारखी राहिली. डिसेंबरच्या घटकात गुंजनचा ठिपका दुसऱ्यांदा लाल झाला.

"मॅडम, तुमची तत्त्वं तुमच्यापाशी," मुश्ताक सर म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "मागच्या खोलीत जाणार आहे ती पोरगी. तुम्ही नाही."

जानेवारीचा घटक समान अपूर्णांकांचा होता. आदल्या दिवशी सकाळी शैलजाबाई लवकर आल्या आणि त्यांनी गुंजनला एकटीला व्हरांड्यात बसवलं. एक द्वितीयांश आणि दोन चतुर्थांश सारखे कसे, ते त्यांनी तिला शिकवलं. मुलगी सुरुवातीला नेहमीसारखीच अडत होती, "पन काऊन?" विचारत होती. घड्याळ पुढे जात होतं, बाकीची मुलं फाटकातून येऊ लागली होती. शेवटी शैलजाबाई म्हणाल्या, "काऊन ते मग बघू. उद्या मी विचारलं की काय म्हणशील? म्हण बरं."

गुंजननं म्हणून दाखवलं. दोनदा, तीनदा. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं हात वर केला आणि तेच म्हटलं. ठिपका हिरवा राहिला. पडदा म्हणाला : उत्तम.

पुढच्या घटकांना ती आपणहून लवकर येऊ लागली. आता ती अडत नव्हती. वाक्य ऐकायची, म्हणायची, आणि विचारायची, "अजून एकदा म्हनू का जी?" वंदनानं संक्रांतीचे तिळगूळ डबा भरून पाठवले.

फेब्रुवारीच्या अखेरीस केतकीचा फोन आला. दिवाळीनंतरचा पहिला.

"मावशी, तुमच्या केंद्राची रेषा बघितलीस? राज्यात पहिली आहे. तुझा पूर्वपाठ आता सगळीकडे चाललाय."

"माझा नाही."

"नव्या सत्राची संदर्भरेषा त्यातूनच निघाली. आकलनकाळ जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे आता एकदा सराव पुरणार नाही. तुला आधी सांगावं म्हटलं."

"आणि ज्यांच्या गावात सराव घेतच नाहीत?"

"त्यांचे आकडे वेगळ्या पानावर असतात," केतकी म्हणाली. "ते पान बैठकीत उघडत नाही कुणी."

"तू उघड."

"ठेवते, मावशी. काळजी घे."

*

दुसऱ्या दिवशी शैलजाबाईंनी पहाटे भाकरी थापल्या. एक मोठी, परातभर. एक लहान, तळहाताएवढी. कापडात गुंडाळून त्या शाळेत आल्या तेव्हा मुश्ताक सर व्हरांड्याच्या एका टोकाला पाचवीकडून उद्याचा पाठ तिसऱ्यांदा म्हणवून घेत होते. दुसऱ्या टोकाला गुंजन फळ्यापाशी वाट बघत बसली होती.

शैलजाबाईंनी दोन्ही भाकरी तिच्यासमोर ठेवल्या. लहानीचे तीन भाग केले, मोठीचे चार.

"सप्टेंबरात तू मला एक विचारलं होतंस," त्या म्हणाल्या. "तिकडची भाकर मोठी असली तर, म्हणून. आठवतं?"

गुंजननं मान हलवली. आठवत होतं.

"मी उत्तर दिलं नाही तेव्हा. आज आपण दोघी मिळून शोधू. बघ, कुठला तुकडा मोठा? आणि मग तृतीयांश मोठा असं कधी म्हणायचं?"

मुलीनं दोन्ही भाकरींकडे पाहिलं. क्षणभर तिच्या कपाळावर ती जुनी आठी आली. लगेच तिचा हात कपाळाकडे गेला, बोटांनी तिथे चाचपून पाहिलं. पट्टी नव्हती. तरी आठी पुसली गेली.

"हे उद्याच्या पाठात हाय का जी?"

"नाही."

"परवाच्या?"

"नाही. कुठल्याच नाही. तुझाच प्रश्न आहे हा."

"मंग राहू द्या," गुंजन म्हणाली आणि फळा पुसायला उठली.